जानुसंधीचा आवाज : निश्चिंत केव्हा, सावध केव्हा?

"डॉक्टर, गुडघे कटकट वाजतात. वंगण संपलं का?" हा प्रश्न चिकित्सालयाइतकाच औषधविक्रेत्याच्या दुकानातही विचारला जातो. यावर सर्वांनाच घाबरविणे ही एक चूक आणि सर्वांच्याच हाती तेलाची बाटली देणे ही दुसरी. या दोहोंच्या मधला विवेक कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऐंशी नानात्मज वातविकारांमध्ये जानुभेद व जानुविश्लेष यांची गणना आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन करताना वायूने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श, शोथ आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना ही लक्षणे सांगितली आहेत. माधवनिदानात आटोप आहे, परंतु तो शूलासह. म्हणजेच वेदना व शोथ यांवाचून केवळ आवाज असेल, तर त्यास संधिगत वात म्हणण्याची घाई करू नये.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही याच दिशेने बोट दाखविते. क्वचित होणारा एकच 'कट्' असा आवाज संधिद्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने येऊ शकतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यांचे एमआरआय चित्रण करून ही क्रिया दाखविली. कधी स्नायुबंध हाडाच्या उंचवट्यावरून सरकल्यानेही आवाज होतो. जिना चढताना किंवा उकिडवे बसताना येणारी कुरकुर बहुधा गुडघ्याची वाटी व मांडीचे हाड यांमधील घर्षणाची असते. वेदना नसल्यास यांपैकी कशालाही औषध लागत नाही. मात्र २०१८ साली प्रकाशित झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांचे गुडघे वारंवार वाजत त्यांच्यात पुढे वेदनायुक्त संधिवात अधिक आढळला. विशेषतः ज्यांच्या क्ष-किरण चित्रात झीज आधीच दिसत होती त्यांच्यात. म्हणून अशा रुग्णाचे निरीक्षण चालू ठेवावे.

एक स्वानुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मधुमेही शेतकरी गुडघेदुखीसाठी आले. "वर्षभर वाजतोच आहे," असे ते म्हणाले आणि मी स्नेहन-स्वेदन लिहू लागलो. कागद पुढे करताना त्यांच्या हाताचा स्पर्श झाला. अंगात ज्वर होता. गुडघा तपासला, तो लाल व उष्ण होता. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठविले. सांध्यातून पू निघाला. जुन्या आवाजाच्या आड नवा व्याधी लपला होता. तेव्हापासून स्पर्शपरीक्षेवाचून मी तेल लिहीत नाही.

पुढील लक्षणे दिसताच रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे :

१. ज्वरासह लाल, उष्ण, सुजलेला सांधा (त्याच दिवशी).
२. आघातानंतर काही तासांतच आलेली सूज, अथवा पायावर भार देता न येणे (त्याच दिवशी).
३. गुडघा अडकणे, पूर्ण सरळ न होणे.
४. चालताना गुडघा अचानक दगा देणे.
५. विश्रांतीतही, विशेषतः रात्री, वाढणारी वेदना किंवा अकारण वजन घटणे.
६. पोटरीला एकाएकी सूज व वेदना. येथे रक्तवाहिनीत गुठळीची शक्यता असते. मर्दन कटाक्षाने टाळावे व त्याच दिवशी पाठवावे.

सकाळचा दीर्घ जखडलेपणा आणि अनेक सांध्यांचा शोथ असल्यास आमवाताचा विचार करून रक्ततपासणी करावी. साम अवस्थेत स्नेहन नको. लंघन, दीपन-पाचन व रूक्ष स्वेद हाच क्रम.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की तेल मागणाऱ्यास तीनच प्रश्न विचारावेत : सूज आहे का, ताप आहे का, पडलात का? एकाचेही उत्तर 'हो' आल्यास प्रथम वैद्याकडे पाठवावे. कुचल्याचे कल्प औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये मोडतात. ते वैद्यांच्या देखरेखीवाचून देऊ नयेत. लेबल नसलेल्या, एका दिवसात गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ असू शकते. त्या ठेवूच नयेत.

ज्यांचा गुडघा केवळ वाजतो, त्यांस खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरण्याचा व्यायाम सांगावा आणि स्थूल असल्यास वजन घटवावयास लावावे. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. "घाबरू नका, पण सूज किंवा वेदना आली तर लगेच या," एवढे वाक्य प्रत्येक रुग्णास आवर्जून सांगावे, ही अपेक्षा.