मासा टाकीएवढाच वाढतो?

‘लहान टाकीत ठेवा, लहानच राहील.’ ॲक्वेरियमच्या दुकानांत सर्रास ऐकू येणाऱ्या या वाक्याने माशांचे फार हाल केले आहेत. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, हे खरं. पण ती खुंटते घाण पाण्यामुळे आणि पोहायला जागा नसल्यामुळे. कधी पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटतं. नीट सांभाळलेला गोल्डफिश 15 ते 20 सेंटिमीटर वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. गोल बाउलमध्ये मात्र तो बहुधा काही महिन्यांत मरतो आणि आपण म्हणतो, त्याचं आयुष्यच तेवढं!

नेमकं काय होतं? मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पाणी जितकं थोडं, तितकं विष लवकर चढतं. म्हणून ‘नवशिक्याने लहान टाकी घ्यावी’ हा सल्ला अगदी उलटा आहे. फेंगशुईच्या नावाने दोन फुटी टाकीत आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश सोडले जातात. ती टाकी खरं तर एका गोल्डफिशलाही अपुरी पडते.

‘एका गॅलनला एक इंच मासा’ हे गणितही फसवं आहे. अडीच सेंटिमीटरचे दहा निऑन टेट्रा आणि पंचवीस सेंटिमीटरचा एक ऑस्कर यांची लांबी सारखीच भरते. पण लांबी दहापट झाली की वजन सुमारे हजारपट होतं. म्हणजे तो एकटा ऑस्कर त्या दहा जणांच्या निदान शंभरपट भरतो आणि घाणही कितीतरी जास्त करतो. त्यामुळे दुकानात दिसणारी लांबी मोजू नका, पूर्ण वाढलेला मासा केवढा होतो ते विचारा.

फायटर मासा हवेतूनही श्वास घेतो, म्हणून बरणीत जगतो. पण त्यालाही किमान वीसेक लिटर पाणी आणि फिल्टर हवा.

‘सकर मासा टाकी साफ ठेवतो’ हेही अर्धसत्य. तो थोडं शेवाळ खातो, पण विष्ठा भरपूर करतो आणि फूटभराहून मोठा होतो. मग कुणीतरी त्याला तळ्यात सोडून देतं. उजनी जलाशयात हाच परदेशी मासा आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. मासा मोठा झाला तर तो दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या, पण नदी-तळ्यात सोडू नका.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची रिकामी जागा वगळली की पंचेचाळीसेक उरतं. एवढ्यात आठ-दहा निऑन टेट्रा आणि आपल्या ईशान्य भारतातल्या हनी गोरामीची एक जोडी सुखाने राहते. गप्पी आवडत असतील तर फक्त नर घ्या, कारण मादी साधारण दर महिन्याला वीस-तीस पिल्लं देते.