भंगाराच्या वाटेवरून ट्रॅककडे
जुन्या एस्टीमपासून शर्यतीची मोटार कशी घडते?

प्रतिनिधी

पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात एखादी तरी मारुती एस्टीम कव्हराखाली उभी दिसते. मालकाने नवी गाडी घेतलेली असते, जुनीला गिऱ्हाईक मिळालेले नसते आणि 'ती गाडी हलवा' हा विषय वार्षिक सभेत दरवर्षी निघतो. भंगारवाला वजनावर भाव सांगून जातो. मोटार शर्यतींचा नाद लागलेल्या तरुणाला मात्र त्याच गाडीत हलका सांगाडा, दणकट इंजिन आणि खिशाला परवडणारी सुरुवात दिसते.

त्याचे पाहणे अगदीच भाबडे नसते. १९९० मध्ये ही मोटार मारुती १००० या नावाने बाजारात आली, तेव्हा तिचे ९७० सीसीचे इंजिन त्या देहाला पुरे पडत नव्हते. १९९४ मध्ये त्याच सांगाड्यात १२९८ सीसीचे इंजिन आले आणि एस्टीम हे नाव मिळाले. कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद ६५ अश्वशक्ती होती. पुढे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन बसले, तेव्हा ती ८५ वर गेली. वजन ९०० किलोच्या आत आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. शर्यतीसाठी लागणारी ही सामग्री कुटुंबवत्सल मोटारीत आयतीच होती. २००७ मध्ये उत्पादन थांबले, तरी जिप्सीमध्येही १.३ लिटरचे याच घराण्यातील इंजिन असल्यामुळे सुट्या भागांची वाट पूर्ण बंद झाली नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर आणि रॅलींमध्ये एस्टीमने वर्षानुवर्षे हजेरी लावली, ती यामुळेच.

साध्या मोटारीतून शर्यतीचे वाहन घडवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती भरत, तेव्हा घरच्या गॅरेजमध्ये तयार झालेल्या मोटारीही तिथे धावत. कोइमतूरच्या एस. करीवर्धन यांनी तर मारुती ८०० च्या इंजिनाभोवती 'फॉर्म्युला मारुती' ही एकआसनी मोटार उभी केली. त्यांच्याच नावाचा करी मोटर स्पीडवे २००३ पासून कोइमतूरजवळ आहे.

पान्याआधी नियमपुस्तक

नवखा हौशी माणूस सर्वात आधी सायलेन्सर कापतो. अनुभवी माणूस सर्वात आधी नियमपुस्तक वाचतो. देशातील मोटार शर्यतींचे नियमन करणारा महासंघ म्हणजे 'एफएमएससीआय'. कोणत्या गटात कोणते मॉडेल चालेल, इंजिनात काय बदलता येईल, किमान वजन किती हवे, हे सारे त्या त्या स्पर्धेच्या नियमांत लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एखाद्या मॉडेलचे उत्पादन थांबल्यावर सात वर्षांनी त्याची मान्यता संपते. म्हणून जुन्या मोटारीला देशांतर्गत गटांचाच आधार उरतो, आणि हे गट काळानुसार बदलतात. गाडी तयार झाल्यावर तिला गटच नाही असे कळणे, यापेक्षा महाग धडा या छंदात नाही.

गाडी निवडतानाही डोळे इंजिनापेक्षा पत्र्यावर हवेत. इंजिन बदलता येते; गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. पायाखालचा पत्रा, दाराखालची चौकट आणि शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतात ते बुरूज टोकदार हत्याराने ठोकून पाहावेत. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत रंगाखाली नुसती पोपडी निघण्याची शक्यता मोठी. एखाद्या अपघातानंतर ओढून सरळ केलेला सांगाडा कर्णाची मापे घेतली की उघडा पडतो. दोन कर्णांत फरक आला, तर तो पुढे कितीही पैसे ओतले तरी चाकांच्या वागणुकीत डोकावत राहतो.

मग गाडी उघडी करायची. आसने, गालिचे, एसी, छताचे अस्तर, मागचे बाक सारे बाहेर. जमिनीच्या पत्र्याला चिकटवलेले डांबराचे आवाजरोधक थर हीटगनने मऊ करून छिन्नीने खरवडावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात हात पोळतात. सांगाड्याचे दोन पत्रे कारखान्यात ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात. नियमांची परवानगी असेल, तर त्या सांध्यांवर अधिक वेल्डिंग केल्याने सांगाडा ताठ होतो. ताठ सांगाड्यात सस्पेन्शनला आपले काम करता येते.

पिंजरा आणि माणूस

मोटारीचा सर्वात महत्त्वाचा भाग यानंतर बसतो आणि त्याने वेग एक किलोमीटरनेही वाढत नाही. रोल केज म्हणजे चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार त्यासाठी थंड प्रक्रियेने ओढलेली, विनाजोड पोलादी नळी लागते. चालकाच्या पाठीमागील मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यास व २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास व २ जाडी. इतर नळ्यांसाठी ३८ व २.५ किंवा ४० व २. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी सांगाड्याला वेल्ड केलेली हवी. पट्टी नसेल, तर उलटताना नळी पातळ पत्र्यातून सुईसारखी आरपार जाते आणि पिंजरा असून नसल्यासारखा होतो.

इथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो. बाजारात मिळणारा पाण्याचा किंवा फर्निचरचा पाइप दिसायला तसाच असतो, वाकवायला सोपा असतो आणि बराच स्वस्त असतो. त्याच्या लांबीभर जोड असतो आणि धक्क्यात तो त्याच ओळीत फाटू शकतो. गेट-ग्रिल बनवणारा कुशल वेल्डरही या कामाला पुरेसा नाही. नळीच्या पूर्ण घेरात सांधा उतरला आहे की नाही, हे वरच्या रंगावरून कळत नाही.

आसन आणि पट्ट्यांचेही तसेच. एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या आसनाला उत्पादनापासून पाच वर्षांची मुदत असते. सहा टोकांच्या पट्ट्यांपैकी खांद्यावरचे पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे, म्हणजे दहा ते वीस अंशांनी खाली उतरणारे हवेत. ते थेट जमिनीला बांधले, तर समोरच्या धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि पाठीचा कणा चेपला जातो. डोके पुढे फेकले जाऊ नये म्हणून हेल्मेटला जोडलेले 'हान्स' हे उपकरण, अग्निशामक, आतून आणि बाहेरून बंद करता येणारा मुख्य विद्युत खटका (बाहेर निळ्या त्रिकोणात लाल विजेचे चिन्ह), ओढण्यासाठी पुढे-मागे कड्या, ही यादी येथेच पुरी होते. या सामानाची बेरीज अनेकदा मूळ गाडीच्या किमतीला मागे टाकते.

ही सावधगिरी पुस्तकी नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या सलून गटात एका ५९ वर्षांच्या अनुभवी चालकाची मोटार दुसऱ्या मोटारीला लागून ट्रॅकबाहेर गेली, कुंपणावर आदळली आणि उलटली. त्यांचा मृत्यू झाला. पिंजरा धोका कमी करतो, नाहीसा करत नाही; कमी करण्याचे तेवढे काम तरी त्याला नीट करता आले पाहिजे.

इंजिन: तेल, तोल आणि इथेनॉल

ज्या कामाबद्दल गॅरेजमध्ये सर्वाधिक गप्पा होतात, ते इंजिनाचे काम खरे तर सोनाराच्या संयमाचे आहे. चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काट्यावर तोलून, सर्वात हलक्याच्या वजनाला बाकीचे घासून आणायचे. इंजिन सहा-सात हजार फेऱ्यांवर फिरते, तेव्हा काही ग्रॅमचा फरकही बेअरिंगवर हातोड्यासारखा पडतो. दाब वाढवण्यासाठी हेड फेसिंग करतात, म्हणजे हेडचा पृष्ठभाग यंत्रावर थोडा उतरवतात. मात्र हेड खाली आले की टायमिंग बेल्टच्या मार्गाची लांबी बदलते आणि कॅमचे वेळापत्रक किंचित मागे पडते. ते पुन्हा जुळवले नाही, तर ताकद वाढण्याऐवजी घटल्याचा अनुभव येतो आणि दोष मेस्त्रीच्या माथी बसतो.

त्याहून स्वस्त आणि त्याहून मोलाचे काम तेलाच्या तळपात्रात असते. रस्त्यावरच्या वळणात तेल जागेवर राहते. ट्रॅकवरच्या लांब उजव्या वळणात ते सारे डावीकडे चढते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि काही क्षण तेलाविना फिरलेले बेअरिंग कायमचे जाते. तळपात्रात पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून हे टाळता येते. अशा पडद्यांवाचून ट्रॅकवर गेलेली किती इंजिने ट्रकवर चढून परतली, याच्या कथा या वर्तुळात पुष्कळ ऐकायला मिळतात.

अलीकडे यात इंधनाचा प्रश्न मिसळला आहे. देशभरात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, हे शर्यतीच्या इंजिनाला मानवते. मात्र नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर या मिश्रणाला सुमारे १३.५. जुन्या मापाने इंधन सोडणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये, किंवा पूर्ण ॲक्सिलरेटरवर ठरीव कोष्टकाने चालणाऱ्या जुन्या एमपीएफआय यंत्रणेत मिश्रण विरळ पडते. विरळ मिश्रण गरम जळते, आणि पूर्ण वेगात त्याची किंमत पिस्टन मोजतो. म्हणून जेट किंवा इंधनाचे कोष्टक नव्याने बसवणे आणि वीस वर्षांच्या रबरी नळ्या, सील बदलणे हे आता चैनीचे काम राहिलेले नाही.

थांबणे आणि वळणे

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. एस्टीमला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. दोन-तीन फेऱ्यांत डिस्क तापते, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते आणि ते उकळले की पेडल जमिनीला टेकते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. हवेतील ओलावा शोषलेल्या ऑइलचा १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यानंतर जुन्याच ऑइलवर ट्रॅकवर जाणारा माणूस धाडसी नव्हे, निष्काळजी म्हणावा लागेल. चांगले पॅड, ताजे ऑइल आणि डिस्कवर वारा आणणारी नळी, एवढ्यात बहुतेक काम होते.

पुढच्या चाकांवर चालणारी मोटार वळणात नाकाने बाहेर जाऊ पाहते. स्प्रिंग कडक व आखूड करून, मागची बाजू किंचित अधिक ताठ ठेवून आणि पुढच्या चाकांना वरच्या बाजूने आत कललेला कॅम्बर देऊन ते आवरतात. कॅम्बर किती, हे टायरच सांगतो. फेरी संपताच टायरचे तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजायचे. बाहेरची कड फार तापली, तर कल कमी. मध्यभाग तापला, तर हवा जास्त. पुढे चार चाकांखाली चार काटे ठेवून, चालकाला आसनावर बसवून वजन घ्यायचे. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून एकूण वजनाच्या निम्मे आले, की मोटार दोन्ही वळणांत सारखी वागते. मागे लावलेला मोठा पंख या वेगाला फारसे काही करत नाही. फोटो मात्र चांगला येतो.

रस्त्यावरून नव्हे, ट्रकवरून

इतके बदल झालेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले. कायदा बाजूला ठेवला, तरी पिंजऱ्याच्या नळीशेजारी हेल्मेटविना डोके घेऊन शहरात फिरणे म्हणजे साध्या धडकेत कवटी फोडून घेण्याची सोय आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. त्यातच १५ वर्षांपुढील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. त्यामुळे केवळ ट्रॅकवरच धावणार असलेल्या मोटारीची नोंदणी आरटीओत रीतसर रद्द करून घेणे शहाणपणाचे. रॅलीचे गणित वेगळे; तिथे एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे सार्वजनिक रस्त्यानेच जावे लागते, म्हणून नोंदणी, विमा आणि दिवे सारे जागेवर हवे.

मराठी हौशी चालकाचा खरा खर्च इथून सुरू होतो. राष्ट्रीय शर्यतींचे मुख्य ट्रॅक दूर आहेत. इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडात झालेला बुद्ध सर्किट. पुण्याहून चेन्नईला मोटार ट्रकवर चढवून सुमारे १२०० किलोमीटर न्यायची, बरोबर सुटे ॲक्सल, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट आणि दोन विश्वासू माणसे.

तिथे पोहोचल्यावर पहिली परीक्षा तपासनीसांची. ते बोनेटखाली नंतर पाहतात. आधी पट्ट्यांवरची तारीख, आसनाचे बोल्ट, पिंजऱ्यावरचे मऊ आवरण, खटका ओढल्यावर चालू इंजिन खरोखर बंद पडते की नाही, आणि बॅटरी हाताने हलते का. खटक्याने दिवे विझतात, पण अल्टरनेटर विजेचा पुरवठा करत राहिल्याने इंजिन धडधडतच राहते, ही घरगुती वायरिंगमधील नेहमीची चूक. ती दुरुस्त करायला अर्धा तास लागतो; मात्र तोवर सराव सत्राची वेळ बहुधा निघून गेलेली असते.