नापासांची शाळा

अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीला परतले ते १९७५ साली. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. पण आज ते आठवायला निमित्त वेगळंच घडलं. आमच्या शेजारच्या वस्तीवरची शाळा पट कमी म्हणून बंद होणार, अशी कुणकुण गेल्या महिन्यात लागली आणि गावात कुणी चकार शब्द काढला नाही. त्या रात्री मला राळेगणची शाळा आठवत राहिली.

भिंगारचा जन्म, मुंबईत सातवीपर्यंतचं शिक्षण, दादरला फुलं विकणं, फौजेत ट्रक चालवणं, १९६५च्या युद्धात खेमकरणला सोबती गेले आणि हे वाचले, ही कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. २०११चं रामलीला मैदानावरचं लोकपाल आंदोलनही नव्यानं सांगायला नको. त्या गर्दीनं अण्णांचं नाव देशभर नेलं आणि राळेगणचं काम मागे पडलं. आज मोबाइलवर त्यांची टिंगल फिरते तेव्हा चीड येते. टिंगल करणाऱ्यांनी १९७५ ते १९८५ ही दहा वर्षं पाहिलेली नाहीत.

आम्ही पारनेर तालुक्याच्या शिवेवरचे, आम्ही ती पाहिली. दुष्काळ पाचवीला पुजलेला. राळेगणात दारूच्या भट्ट्या. अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीचा पैसा यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीला लावला आणि तिथल्याच खोलीत मुक्काम ठोकला. लोक श्रमदानाला जमले ते त्या मंदिरापासून. नाला बांध, पाझर तलाव, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण शाळेबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

१९७१ साली गावची वस्ती १२०९, त्यात लिहिता-वाचता येणाऱ्या बाया ७२. मुलगे पुढच्या शिक्षणाला शिरूर नाहीतर पारनेर गाठत, मुलींची पाटी प्राथमिकलाच फुटे. अण्णांनी आणि गावच्या पोरांनी १९७६ला बालवाडी काढली, १९७९ला हायस्कूल. त्याच वर्षी संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली. सरकारी मान्यता मिळेना, म्हणून अण्णा उपोषणाला बसले. लोकपालाच्या तीस वर्षं आधी हा माणूस उपाशी राहिला तो शाळेसाठी.

आणि मुलं कुठली घेतली? दुसऱ्यांनी ओवाळून टाकलेली. नापास झालेली.

यातलं मोल मला चांगलं कळतं. मी नववीत नापास झालो होतो. प्रगतिपुस्तकात गणिताखाली लाल शाईच्या दोन रेघा, शेवटी 'नापास' एवढाच शेरा. मुख्याध्यापक वडिलांना म्हणाले, "दाखला घेऊन जा, आमचा निकाल खाली येतो." वडिलांनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांना पुढे बोलायला सुचेना. मामांनी खटपट करून दुसऱ्या शाळेत घातलं म्हणून मी शिकलो.

१९८४च्या थंडीत कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला राळेगणला गेलो. बांधावर दगड द्यायला माणसांची ओळ लागली होती. माझ्या पुढच्या पोराच्या तळहातांना फोड आले होते, तरी घमेलं खाली ठेवायला तो तयार नव्हता. कितवीत आहेस, विचारलं, तर म्हणाला, "नववीत. दोनदा नापास झालो, म्हणून इथं घेतलं." हे सांगताना त्यानं मान खाली घातली नाही. नापास झाल्यावर ताठ मानेनं उभं राहिलेलं पोर मी तोवर पाहिलं नव्हतं.

सातवीवर शाळा सुटलेल्या फौजीनं ही सोय केली. निवृत्तीचा पैसा, उमेदीची वर्षं, सगळं गावावर टाकलं. आज निकाल शंभर टक्के लावायचा म्हणून कच्ची पोरं दहावीच्या आधीच वाटेला लावणाऱ्या शाळा गावोगाव आहेत, आणि पट मोजून वस्तीवरच्या शाळांचा हिशेब लावणारे अधिकारी आहेत. गाव मात्र आपली शाळा आपण उभी करायची असते, हेच विसरलं.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या शाळेचा पट अकरा आहे. त्यांतल्या सात मुली आहेत. पुढची शाळा साडेतीन किलोमीटरवर, मध्ये ओढा, पावसाळ्यात तो उतरता येत नाही. येत्या शनिवारी सकाळी दहाला शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. वस्तीवरच्या आयाबापांनी काम बुडवून यावं. मी येणार आहे.