वाढता व्याप आणि खेळते भांडवल

मोठे काम हाती आले की लघुउद्योजक प्रथम नव्या यंत्राचा विचार करतो. भोसरी असो वा सातपूर, विस्ताराचा आराखडा म्हणजे जागा, यंत्रे आणि कामगार, हे समीकरण रूढ आहे. पैसा हाती केव्हा येणार, हा प्रश्न मात्र बहुधा आराखड्याबाहेरच राहतो.

दरमहा १० लाख रुपये खर्च करणाऱ्या कारखान्याला मालाचे पैसे ९० दिवसांनी मिळत असतील, तर त्याचे ३० लाख रुपये सतत अडकलेले असतात. काम दुप्पट होताच ही रक्कम ६० लाखांवर जाते. कच्च्या मालाचा व्यापारी आणि कामगार तोवर थांबत नाहीत. भरपूर मागणी असूनही कारखाना बुडू शकतो, तो यामुळेच.

२००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन खरेदीदारावर घातले; विलंबास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही लावले. तथापि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेला उद्योजक त्याच्याविरुद्ध दाद मागणार कशी? म्हणूनच विस्ताराच्या वेळापत्रकात यंत्र बसविण्याच्या तारखेआधी वसुलीची तारीख लिहिली गेली पाहिजे. मधल्या काळातील पैशाची तरतूद झाल्याखेरीज नवे काम स्वीकारणे, हे धाडस नव्हे. तो निव्वळ जुगार होय.