दहा सेंटिमीटरचं काम

गल्लीतला रस्ता तपासायला लागणारं सामान एका पिशवीत मावतं. मोजपट्टीचा टेप, पांढऱ्या खडूचे तुकडे, थोडी फक्की, वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. जमलं तर सोबत एक बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची न्यावी. टेप कुठंच अडखळत नाही, चाक मात्र अडखळतं, आणि ते जिथं अडखळेल तिथं वहीत नोंद होते.

पुण्यातल्या आमच्या भागात काही रहिवासी रविवारी सकाळी हे काम करतात. वही धरायला म्हणून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. या मंडळींत सरकारी बांधकामांवर हयात घालवलेले एक निवृत्त ओव्हरसिअर काका आहेत, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आहेत आणि रोज नातवाला बालवाडीत पोचवणाऱ्या एक आजी आहेत. काकांचा नियम कडक आहे. ‘फुटपाथ खराब आहे’ असं ते वहीत लिहू देत नाहीत. “तक्रार नको, माप सांगा,” म्हणतात. मग ‘औषधांच्या दुकानासमोर चेंबरचं झाकण पदपथापेक्षा दोन इंच वर’ अशी ओळ लिहावी लागते. क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नाही. दुसऱ्या वाक्यावर तो गवंडी पाठवू शकतो.

मापं कुठली धरायची हे ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, या संस्थेची मानकं देशभर वापरली जातात. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी तिचं १०३ क्रमांकाचं मानक आहे. त्यानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा हवी, आणि रस्त्यापासून पदपथाची उंची १५ सेंटिमीटरच्या वर जायला नको. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाऊ शकतील, असा १.८ मीटरचा हिशोब आहे.

प्रत्यक्षात टेप लावला की समजतं, पदपथाची खरी रुंदी म्हणजे त्याच्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी. अडीच मीटरच्या पदपथात मधोमध विजेचा डीपी बॉक्स उभा असला, तर दोन्ही बाजूंना उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या हाच तो पदपथ. त्यात झाडाचा चौथरा, दुकानाची पायरी, वाढदिवसाच्या फलकाचा बांबू आणि स्टँडवर लावलेल्या दुचाक्या. उंचीचं दुखणं आणखी वेगळं. जुन्या डांबरावर नवा थर चढत राहतो, रस्ता वर येतो, मग कधीतरी पदपथही उचलला जातो. सोसायट्यांच्या फाटकापाशी तो पुन्हा खाली उतरवतात, कारण मोटारीला चढ नको असतो. शंभर पावलांत चार-पाच फाटकं लागली, तर चालणाऱ्याला तितक्याच वेळा चढउतार करावा लागतो. आजी म्हणूनच पहिल्यापासून रस्त्याच्या कडेनं चालतात. “वर-खाली करून गुडघे निघतात, त्यापेक्षा हॉर्न परवडला,” हे त्यांचं म्हणणं.

उपाय साधा आहे. फाटकापाशीही पदपथ आपल्या उंचीवर सलग न्यायचा आणि मोटारीसाठी कडेला छोटा उतार द्यायचा. चढ गाडीनं चढावा, इंजिन तिच्याकडे आहे. शिवाय चढताना गाडी हळू होते आणि ड्रायव्हरला चालणारा माणूस दिसतो.

रस्ता सुरक्षित करण्याच्या कामाचं मर्म इथंच आहे. ‘वाहने हळू चालवा’ या पाटीनं वेग उतरत नाही. तो उतरतो रस्त्याच्या रुंदीनं, कोपऱ्याच्या वळणानं आणि चढाच्या उंचीनं. ड्रायव्हर पाटी वाचत नाही, समोरची मोकळी जागा वाचतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. तिथला कोपरा चांगला ऐसपैस गोलाईचा होता, त्यामुळं मोठ्या रस्त्यावरची वाहनं ब्रेक न लावताच आत वळत. गोलाई जितकी मोठी तितकं पायी ओलांडायचं अंतरही जास्त, कारण दोन्ही बाजूंचे पदपथ एकमेकांपासून लांब सरकतात. वाहतूक पोलिसांशी बोलून एका सकाळी आम्ही फक्कीनं नवा, आखूड गोलाईचा कोपरा आखला आणि रेघेवर प्लास्टिकचे शंकू ठेवले. सिमेंट नाही, खर्च नाही. पहिला रिक्षावाला थबकला, चडफडला आणि सावकाश वळला. त्याच्यामागचेही तसेच वळू लागले. कचऱ्याची गाडी वळते का, शाळेची बस अडते का, अग्निशमन दलाचा बंब आत येईल का, हे अशा वेळी पाहून घ्यायचं असतं. जमलं नाही तर शंकू सरकवायचा आणि पुन्हा रेघ मारायची. काँक्रीट ओतल्यावर ही मुभा राहत नाही.

वेगाचा हिशोब एकदा कागदावर मांडला की या खटपटीचं कारण कळतं. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगानं या सेकंदात गाडी सुमारे ८ मीटर पुढं जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरवर थांबते. ताशी ५० किलोमीटरला त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर संपतात. म्हणजे चौदा मीटरवर चेंडूमागं एखादं मूल धावत आलं, तर पहिली गाडी त्याच्याआधी थांबलेली असते. दुसरीचा ब्रेक तेव्हा कुठं लागू लागतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळं ५० ची धडक ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट जबर. रस्ता सुरक्षेवरच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानं, जिथं पादचारी, सायकली आणि वाहनं एकाच जागेत वावरतात तिथं ३० ची मर्यादा धरली, ती अशाच हिशोबावर.

वेग कमी करायचा म्हटलं की लोक गतिरोधक मागतात. आपल्याकडे तो रातोरात उगवतो. अरुंद, टोकदार, अर्धा फूट उंच. त्यावर रिक्षातल्या बाईचं कंबरडं मोडतं, रुग्णवाहिकेतला रुग्ण कळवळतो आणि दुचाकीवाला कडेची फट शोधत पदपथालगत घुसतो. शास्त्रशुद्ध गतिरोधकाचं माप आयआरसीच्या ९९ क्रमांकाच्या मानकात दिलेलं आहे. वाहनाच्या दिशेनं रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, आणि पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावी इतकी सपाट. ताशी २५ किलोमीटरनं त्यावरून गेलं तर पोटातलं पाणी हलत नाही. त्याहून जोरात गेलं तर मात्र हिसका बसतो.

आमच्या भागातल्या शाळेसमोरचा असाच एक उंचवटा काढून तिथं मापातला गतिरोधक बसवण्याचं काम एका रात्री झालं. ते पाहायला आम्ही थांबलो होतो. आधी जुना ढीग खरवडून काढला, मग जागा झाडून डांबराचा पातळ हात मारला, म्हणजे नवा थर खालच्याला धरून राहतो. गरम मिश्रणाची गाडी आली की घाई सुरू होते, कारण माल निवला की दाबला जात नाही. चौघांनी फावड्यांनी माल पसरला, दंताळ्यांनी सारखा केला. मुकादमाकडे १७ मीटर त्रिज्येत कापलेला लाकडी फर्मा होता. तो आडवा धरून पाहायचा, खाली उजेड दिसला तर तिथं माल टाकायचा, फर्मा डोलला तर खरवडायचं. रोलर फिरला की माल दबतो, म्हणून आधी थोडी जास्त उंची धरावी लागते, आणि ती किती हे मुकादमाच्या नजरेलाच ठाऊक. ओव्हरसिअर काकांनी दोरी ताणून मधे पट्टी लावली, तेव्हा दहा सेंटिमीटर भरले. पुढं पांढरे पट्टे आणि अलीकडे ४० मीटरवर इशाऱ्याचा फलक हवाच. रात्री न दिसणारा गतिरोधक स्वतःच अपघात घडवतो.

याहून चांगली रचना म्हणजे उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग. रस्ताच पदपथाच्या पातळीला चढवायचा, वर सपाट भाग ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना उतार. माणूस सरळ चालत पलीकडे जातो आणि चढउतार मोटारीच्या वाट्याला येतो. फक्त कडेनं पाण्याला वाट ठेवावी लागते. ती विसरली तर जुलैत क्रॉसिंगच्या अलीकडे तळं साचतं आणि दुसऱ्याच आठवड्यात लोक ते फोडायला सांगतात.

सिग्नलपाशी स्टॉपवॉच उपयोगी पडतं. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सामान्यतः धरतात. १२ मीटरचा रस्ता मग १० सेकंदांत पार होतो. पण आजींचा आणि नातवाचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास भरला. त्यांना १५ सेकंद लागतात. ते द्यायचे नसतील, तर मध्ये थांबायला दुभाजकापाशी सुरक्षित जागा हवी, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहनं पाहावी लागतात.

सायकलींबाबत पुण्याच्या गाठीशी मोठा अनुभव आहे. एकेकाळी ‘सायकलींचं शहर’ म्हणून मिरवणाऱ्या या शहरात २००६ साली बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकांबरोबर, सायकल मार्ग आखले गेले, आणि २०१७ मध्ये संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. जुन्या मार्गांवरून सायकल चालवून पाहिली की दोष लगेच हाताला लागतात. मार्ग बसथांब्यापाशी संपतो, पुढं झाड येतं, मग उतार नसलेला कठडा. तुटक सायकल मार्ग कोणी वापरत नाही, आणि वापरत नाही म्हणून तिथं पार्किंग होतं. मोठ्या रस्त्यावर मार्ग वेगळा आणि अखंडच हवा. गल्लीत मात्र वेगळ्या मार्गाची गरज नाही, वाहनांचा वेग ३० च्या खाली आणला की सायकल आपोआप मावते. पण बारीक गोष्टी सुटू नयेत. पावसाळी गटाराच्या जाळीच्या सळ्या रस्त्याला समांतर असतील तर सायकलचं चाक त्यात अडकतं, त्या आडव्या हव्यात. उभ्या मोटारींच्या लगत सायकल मार्ग आखला तर अचानक उघडलेलं दार अंगावर येतं, तिथं मीटरभर अंतर हवं.

सर्वांत तापणारा विषय पार्किंगचा. पदपथ रुंद करायचा म्हटलं की दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक कुठं गाडी लावेल? वाद घालण्यापेक्षा मोजणं बरं. दुकानापाशी खुर्ची टाकून बसायचं आणि कोण पायी आलं, कोण गाडीवर, कुठली गाडी सकाळपासून तिथंच उभी आहे, हे रकान्यांत लिहायचं. दारातली जागा अडवणारी गाडी बऱ्याचदा गिऱ्हाइकाची नसतेच. पथारीवाल्यांनाही शत्रू समजू नये. २०१४ च्या कायद्यानं त्यांना जागा नेमून द्यायची तरतूद केली आहे, आणि रात्री उशिरापर्यंत चालू असलेली भाजीची गाडी असते म्हणून एकटी मुलगी त्या गल्लीतून निर्धास्त जाते. त्यांची जागा आखायची, चालायची १.८ मीटर सोडून.

शहरात मोठी उदाहरणं आहेत. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला बाकं आली, मुलांना खेळायची साधनं आली, आणि लोक तिथं रेंगाळू लागले. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला आणि पुढं दरवर्षी ती तारीख पाळली. रस्ता वाहनांशिवायही चालतो हे शहराला एका दिवसात दिसलं. गल्लीला हे रोज दिसायला हवं.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुणे महापालिकेनं २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारलं आहे. कागद पुरेसे आहेत. कमी पडते ती त्या कागदातली मापं आपल्या गल्लीत लावून पाहणारी माणसं.

पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातल्या छोट्या कामांच्या सूचना दरवर्षी मागवल्या जातात. त्या अर्जात ‘रस्ता सुरक्षित करा’ असं लिहू नका. जागा लिहा, माप लिहा, फोटो जोडा आणि काय हवं ते नेमकं सांगा: अमुक फाटकापाशी पदपथ सलग, अमुक शाळेसमोर उंच क्रॉसिंग, अमुक जाळीच्या सळ्या आडव्या. काम झालं की टेप घेऊन पुन्हा जा, आणि पावसाळ्यानंतर परत एकदा मोजा.