दीडशे रुपयांच्या कर्जाचा माग

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. देणं होतं दीडशे रुपयांच्या आसपास. त्यापायी देशमुखांचं राहतं घर पाडायला घेतलं गेलं.

अशी घरं त्या काळात पुष्कळांची गेली. 'त्याचं नशीब', 'झेपत नव्हतं तर कर्ज घेतलंच कशाला' असं म्हणून गाव पुन्हा आपापल्या कामाला लागलं असतं. कर्ड्यात मात्र वेगळंच घडलं. लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या जमिनी कसायच्या नाहीत, त्यांची हजामत करायची नाही, त्यांचं पाणी भरायचं नाही, असं ठरलं. ही चाल गावोगाव पसरली आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंग्याचा भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात असलं तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. आजच्या दौंड-बारामतीचा मोठा मुलूख त्या भीमथडीत यायचा.

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ साली एक फरक मांडला. माणसाची खासगी अडचण वेगळी आणि समाजाचा प्रश्न वेगळा; पण पहिलीच्या मुळाशी दुसरा कसा असतो हे दिसणं, हीच समाजशास्त्रीय दृष्टी. कर्ड्याच्या लोकांनी ही उडी पंच्याऐंशी वर्षं आधीच मारली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या दीडशे रुपयांचा माग काढत गेलं तर आपण थेट अमेरिकेत पोहोचतो. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथून होणारा कापसाचा पुरवठा तुटला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शिरूर-भीमथडीच्या कोरडवाहू रानात कापूस फारसा होत नसे, पण बाजारात पैसा खेळू लागला आणि उधारी सैल झाली. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, उधारी आटली. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, या भागात जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू झाली. काही ठिकाणी सारा दीडपट, तर कुठे दुप्पट झाला. सावकाराचा तगादा आणि सरकारचा सारा एकाच उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

त्यात कायद्यानं भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं चालायचा. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा होता. घडलं असं की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरून त्यावर पुन्हा व्याज लावी. दामदुपटीचा जुना दंडक सांगे की व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आणि पुढे चौकशी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं निघालं! शेतकऱ्याला त्या कागदावरचं अक्षरही वाचता येत नव्हतं. त्याचा अंगठा तेवढा त्यावर असायचा.

म्हणून दंग्यात लोकांनी काय मागितलं ते बघा. वह्या आणि रोखे. ते आणून चौकात जाळले. कागद मुकाट्यानं हाती दिले तिथं सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. आणखी एक गोष्ट दिसते: रोख मारवाडी-गुजर सावकारांवर होता, गावातले ब्राह्मण सावकार बहुतेक सुटले. राग न्याय्य असला तरी तो आधी उपऱ्यावर निघतो. हे नजरेआड करून चालणार नाही.

सरकारी आयोगानं दोष सावकारीवर आणि कायद्यावर ठेवला, वाढत्या साऱ्याला मोकळं सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेचं बोट साऱ्याकडेच होतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अज्ञान, नोकरशाही आणि करांचा बोजा एकत्र बांधून दाखवला. मला त्यांचीच मांडणी सर्वांत खोल वाटते. पुढे इतिहासकार रविंदर कुमार यांनी दाखवलं की पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाचं मन राखावं लागे. कोर्ट आलं आणि ती गरज संपली.

१८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांसाठी खास कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. कर्ज मात्र हटलं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूरच्याच जातेगाव बुद्रुकमध्ये घरोघरचा जमाखर्च मांडला. १९२१ च्या त्यांच्या पुस्तकात बहुतेक कुटुंबं तोट्यातच दिसतात.

आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. अवैध सावकारीत कोणाची जमीन गेली असेल, तर ती परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. शिरूर-दौंडमधल्या वाचकांनी एवढं तरी शेजारच्या घरात सांगावं.