टेलिस्कोपच्या फोटोत काळे गोल? कॅमेरा पुसण्याआधी हे वाचा

फोनच्या कॅमेऱ्यावर बोटांचे ठसे उमटले की आपण तो सरळ शर्टाला पुसतो आणि काम भागतं. टेलिस्कोपला लावायच्या अॅस्ट्रॉनॉमी कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याला स्वतःची लेन्सच नसते. सेन्सर आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये फक्त एक कोटिंग केलेली काच असते. त्या कोटिंगवर ओरखडा पडला की तो कायमचा. धूळ मात्र बऱ्याचदा हात न लावताही फोटोतून घालवता येते. म्हणून माझा नियम साधा आहे : आधी धूळ कुठे आहे ते शोधायचं, मग काय करायचं ते ठरवायचं.

धूळ नक्की कुठे आहे?

फोटोत धुळीचा कण दिसत नाही, त्याची सावली दिसते. कण सेन्सरच्या जवळ असेल तर सावली लहान आणि गडद, लांब असेल तर मोठी आणि फिकट. आरशाच्या टेलिस्कोपमध्ये ती मेदूवड्यासारखी, मध्ये भोक असलेली दिसते. यावरून अंतर काढता येतं :

अंतर = सावलीची रुंदी (पिक्सेल) × पिक्सेलचा आकार × एफ-नंबर

माझा टेलिस्कोप एफ/५ आहे आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. सावली १०० पिक्सेल रुंद असेल तर १०० × ३.७६ × ५ = १८८० मायक्रॉन, म्हणजे साधारण १.९ मिमी. हा कण सेन्सरला जवळजवळ चिकटूनच आहे, बंद चेंबरच्या आत. सावली ६०० पिक्सेलची असेल तर अंतर ११ मिमी येतं, म्हणजे कण बहुतेक बाहेरच्या काचेवर. त्याहून मोठी, पुसट वर्तुळं सहसा फिल्टरवरच्या धुळीची असतात.

आधी फ्लॅट फ्रेम

टेलिस्कोपच्या तोंडावर पांढरं कापड ताणून लावा आणि संध्याकाळच्या आकाशाकडे धरून २०-३० फोटो घ्या. हिस्टोग्राम साधारण मधोमध ठेवा. सिरिलसारखं मोफत सॉफ्टवेअर मूळ फोटोला या फ्लॅटने भागतं आणि सावल्या निघून जातात. अट एकच : फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा दोन्ही वेळा तीच हवी.

तरीही साफ करायचंच असेल तर

१. कूलिंग बंद करा आणि कॅमेरा खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
२. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. हवेचा स्प्रे कॅनही नको, त्यातून द्रव बाहेर येऊन काचेवर डाग पडू शकतो.
३. डाग राहिलाच तर नव्या सेन्सर स्वॅबवर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घ्या आणि हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. तोच स्वॅब पुन्हा वापरायचा नाही.
४. एक फ्लॅट घेऊन तपासा. सावली गेली असेल तर तिथेच थांबा.

चेंबरच्या आतल्या कणासाठी कॅमेरा खोलण्याआधी मॅन्युअल वाचा. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा.

खरा शत्रू दमटपणा

कूलिंगवाले बरेच कॅमेरे सेन्सरला बाहेरच्या तापमानापेक्षा ३०-३५ अंश खाली नेतात. चेंबरमध्ये थोडीशी वाफ असली तरी सेन्सरवर दव किंवा बर्फ धरतो. त्याचे डाग कूलिंग चालू असताना दिसतात आणि बंद केल्यावर जातात. धुळीचं तसं होत नाही, त्यामुळे फरक लगेच कळतो. अशा वेळी पुसू नका, चेंबरमधलं सिलिका जेल वाळवा किंवा बदला.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ आणि हवा ओली. या काळात कॅमेरा टेलिस्कोपवरून काढून, झाकण लावून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. नाहीतर काचेवर बुरशी धरते आणि ती कोटिंगच खाते. डब्यात आर्द्रता मोजणारं छोटं मीटर ठेवा. आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल बदला.